कॉलर 'रेग्युलर' नसते

शर्ट शिवायला आलेला माणूस कापड निवडायला सहज अर्धा तास घेतो. ठाणांमागून ठाणं उघडायला लावतो, एखादं दारापाशी नेऊन उजेडात रंग पाहतो, फोटो काढून घरी पाठवतो. मग मापं होतात आणि मी विचारते, "कॉलर कशी करू? कफ कसे ठेवू?" त्यावर दहातले नऊ जण एकच शब्द उच्चारतात : "रेग्युलर."

या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. तयार शर्ट दुकानात टांगलेला असताना माणूस शिंप्याकडे येतो, आठ-पंधरा दिवस थांबतो, कापडाचे वेगळे आणि शिलाईचे वेगळे पैसे मोजतो, ते कशासाठी? छातीला शर्ट इंचभर सैल झाला तर कुणाला कळत नाही. पोटाला थोडा घट्ट झाला तर माणूस इन करताना श्वास धरतो आणि निभावून नेतो. पण गळ्याला पाव इंच चुकलं तर दिवसभर बोट कॉलरमध्ये जातं आणि कफ अर्धा इंच लांब झाला तर जेवताना आमटीत बुडतो. मापाने शिवायचा खरा उपयोग या दोनच जागी आहे आणि नेमक्या त्याच जागा आपण 'रेग्युलर'वर सोडतो.

साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं दुकान आहे. माझे वडील, अण्णा, फक्त शर्ट शिवायचे. पँटचं गिऱ्हाईक आलं तर शेजारच्या मास्तरांकडे पाठवायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि आता कैची माझ्या हातात आहे. बाईने पुरुषाच्या गळ्याचं माप घ्यायचं म्हणजे सुरुवातीला काही काका अवघडायचे, आता "ताई, जरा बोटभर सैल धरा" असं आपणहून सांगतात. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते टेप गळ्यात घालून दिवसभर माणसांच्या माना पाहणाऱ्या बाईचं म्हणणं आहे.

कॉलरचे भाग दोन. गळ्याभोवती उभी राहते ती पट्टी आणि तिच्यावर उलटून पडतं ते पान. लोक बोलतात पानाबद्दल : टोक लांब की आखूड, कोपरा किती फाकलेला, गोल की टोकदार. मी आधी पट्टीकडे पाहते, कारण शर्ट माणसाला शोभतो की नाही हे पट्टीच्या उंचीवर ठरतं. मागच्या बाजूला साधारण सव्वा इंचाची पट्टी बहुतेकांना चालते. मान आखूड असेल तर तीच पट्टी हनुवटीला धक्के देते, माणूस खांदे वर करून बसल्यासारखा दिसतो. त्याला इंचभर पट्टी पुरे. उंच मानेच्या माणसाला ती दीड इंचापर्यंत वाढवून द्यावी लागते, नाहीतर मान शर्टातून एकटीच वर आलेली दिसते. पान पट्टीपेक्षा तीन-चार सूत रुंद हवं. कमी झालं की मागून पट्टी डोकावते आणि दोन धुण्यांनंतर तिची शिवणही दिसू लागते.

चेहऱ्याचा ठोकताळा सगळे शिंपी सांगतात. गोल चेहऱ्याला टोकं जरा लांब आणि एकमेकांच्या जवळ, उभट चेहऱ्याला टोकं आखूड आणि फाकलेली. ठोकताळा खोटा नाही. पण चेहरा हे अर्धंच काम आहे. माणूस उतरत्या खांद्यांचा आहे का, मान पुढे काढून चालतो का, दाढी ठेवतो का, हे मापाच्या वहीत कुठे लिहिलेलं नसतं आणि कॉलर त्यावरच बसते. मान पुढे काढणाऱ्या माणसाला, म्हणजे आजकाल मोबाइलमुळे बहुतेक तरुणांना, मागचा गळा थोडा वर घ्यावा लागतो. तो नाही घेतला तर कॉलर मानेपासून सुटून मागे उभी राहते. मग गिऱ्हाईक म्हणतं, शर्ट मागे ओढला जातोय. तो ओढला जात नसतो, गळाच चुकलेल्या जागी कापलेला असतो.

आता माझा खरा आग्रह सांगते. आपल्याकडे टाय लावणारे किती? मुलाखतीच्या दिवशी, लग्नाच्या स्वागत समारंभात, औषध कंपनीच्या नोकरीत. बाकी महाराष्ट्र वरचं बटण उघडं ठेवून फिरतो आणि आपल्या हवेत तेच योग्य आहे. तरी आपण कॉलर कापून घेतो ती टायसाठी आखलेली. तिचं वरचं बटण काढलं की दोन्ही पानं बाजूला लोळतात आणि ब्लेझर घातला असेल तर त्याच्या आत दडी मारतात. उघड्या गळ्याची कॉलर मुळातच वेगळी कापायला हवी. पट्टी समोरही बेताची उंच, आतलं अस्तर नरम पण टिकाऊ आणि पान असं की ते पट्टीवरून वळसा घेऊन खाली येईल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉलरचं बटण आणि त्याखालचं पहिलं बटण यांतलं अंतर. साधारण तीन इंच ठेवायची पद्धत आहे. तेवढं ठेवून वरचं बटण उघडलं तर कुणाची छाती नको तितकी उघडी पडते आणि मग तो बिचारा तेही बटण लावून गळा आवळून बसतो. अर्धा इंच कमी केलं की शर्ट उघडाही राहतो आणि नेटकाही. बटणाची जागा बदलायला पैसे पडत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

ज्यांना टायशी कधीच कर्तव्य नाही त्यांनी बटण-डाउन कॉलरचा जरूर विचार करावा. पानाची टोकं दोन लहान बटणांनी शर्टाला अडकवलेली असतात. इंग्लंडमधल्या पोलो खेळाडूंच्या कॉलर वाऱ्याने तोंडावर उडू नयेत म्हणून अशा अडकवलेल्या असत, ते पाहून अमेरिकेतल्या ब्रुक्स ब्रदर्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो शर्ट विकायला काढला. स्कूटरवरून कास रस्त्याने वर जाणाऱ्या माणसालाही तिचा तितकाच उपयोग आहे. नुसती उभी पट्टी ठेवायची, जिला आम्ही चायनीज कॉलर म्हणतो, तीही उत्तम, मात्र आखूड मानेच्या माणसाने ती घेऊ नये असं मी तोंडावर सांगते.

लग्नसराईत नवरदेव मोबाइलमधला फोटो घेऊन येतो. फोटोत नट असतो, त्याची कॉलर पूर्ण फाकलेली, त्यात टायची जाड गाठ. मुलाची मान बारीक, चेहरा उभा. त्याला ती शोभेलही, पण टाय असेल तरच. टाय लावणार का विचारलं की "अजून ठरलं नाही" म्हणतो. टाय नसताना ती कॉलर दोन्ही बाजूंनी पसरून पडते आणि मधली पट्टी उघडी दिसते. तेव्हा कॉलर ठरवण्याआधी टाय ठरवा, एवढं मी प्रत्येक नवरदेवाच्या आईला सांगते. मुलापेक्षा ती लक्ष देऊन ऐकते.

नटांचं वेड नवं नाही आणि मला त्याचा रागही नाही. अण्णांचे पुठ्ठ्याचे फर्मे अजून दुकानात खिळ्याला टांगलेले आहेत. त्यात एक डॉग कॉलरचा फर्मा आहे, टोक चार इंचांहून लांब. सत्तरच्या दशकात सगळ्यांना तीच हवी असे. त्याच्या मागे देव आनंद यांच्यासारखी गळ्यापर्यंत बटण लावायची कॉलर मागणाऱ्यांसाठी एक उंच पट्टीचा फर्मा. 'दीवार'मधला अमिताभचा गाठ मारलेला निळा शर्टही मागायला लोक यायचे. त्या गाठीची हकिगत खुद्द अमिताभ बच्चन यांनी सांगितली आहे : शर्ट गुडघ्याखाली जाईल इतका लांब शिवला गेला होता, दुसरा करायला वेळ नव्हता, म्हणून गाठ मारली. अण्णा फर्मा कुणाचाही वापरत, पण कागदावर उतरवून घेताना समोरच्याच्या मानेप्रमाणे टोक अर्धा इंच कमी-जास्त करत. नटाची कॉलर गावच्या माणसाला बसवायची ती अशी. आजही तसं करता येतं, गिऱ्हाईक दहा मिनिटं उभं राहिलं तर.

आता पानाच्या आत काय असतं, तेही सांगते. पूर्वी बकरम घालून शिवत. आता बहुतेक ठिकाणी फ्यूजिंग, म्हणजे एका बाजूला गोंद असलेलं कापड गरम प्रेसने चिकटवतात. चांगलं फ्यूजिंग नीट तापवून, नीट दाबून लावलं तर वर्षानुवर्षं टिकतं. घाईत इस्त्री फिरवून लावलं की काही धुण्यांत सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात, ते परत बसत नाहीत. गिऱ्हाइकाला हाताला कडक कॉलर लागली की काम भारी वाटतं. कडकपणा हा कामाचा पुरावा नाही. पुरावा पाहायचा तर कॉलरचं टोक पाहा. वरचं पान खालच्यापेक्षा अगदी किंचित मोठं कापावं लागतं, सूतभराहूनही कमी. तेवढी मोकळीक असली की टोक आपोआप खाली, शर्टाकडे वळतं. दोन्ही पानं सारखी कापली की टोक वर उचलतं आणि कितीही इस्त्री करा, दुपारपर्यंत पुन्हा उचलतं. टोक उलटवताना कोपऱ्यातली जादा शिवण बारीक कातरून, आत घातलेल्या दोऱ्याने ते हलकेच बाहेर ओढावं लागतं. सुईने किंवा कैचीने टोचून काढलं की तिथलं कापड विरतं आणि पहिलं भोक तिथेच पडतं. या एका टोकाला जो वेळ लागतो तो शिलाईच्या दरात कुणी धरत नाही.

कापड आधी पाण्यातून काढून घ्या, हेही मी पुन्हा पुन्हा सांगते. सुती कापड आटतं, आणि गळा साडेपंधरा इंचांचा असेल तर त्यातला अर्धा इंच आटला की शर्ट कपाटात जातो. जुन्या ठाणांच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असे, तो आधी आटवून घेतलेल्या कापडाचा. हे तंत्र १९३०च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट यांनी काढलं, त्यांच्याच नावावरून शिक्क्याचं नाव. ते ज्या क्लुएट-पीबडी कंपनीत होते तिचा धंदा कॉलरचा, आणि तिचा कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात.

या ट्रॉयबद्दल मला फार जवळीक वाटते. १८२७ साली तिथल्या हॅना लॉर्ड माँटेग्यू या बाईने नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली, असं तिथे सांगतात. शर्ट स्वच्छ, मळते ती कॉलर, मग रोज अख्खा शर्ट का धुवायचा, हा तिचा प्रश्न. कॉलर धुवायची आणि परत लावायची. त्यातून अख्ख्या शहराचा धंदा उभा राहिला, शंभर वर्षं पुरुष सुट्या कॉलर लावत होते आणि ट्रॉयला कॉलरचं शहर हेच नाव पडलं. त्या कॉलर धुऊन, खळ घालून, तापलेल्या इस्त्रीने कडक करायचं काम बायका करत, उकळत्या पाण्याच्या वाफेत, दिवसाचे बारा-बारा तास. १८६४ साली केट मुलेनी या आयरिश तरुणीच्या पुढाकाराने त्यांनी संघटना केली, संप केला आणि पगारवाढ मिळवली. अमेरिकेतल्या बायकांच्या पहिल्या टिकलेल्या कामगार संघटनांमध्ये तिचं नाव घेतात. पुरुषाच्या गळ्याभोवतीची ताठ पांढरी पट्टी बाईच्या हाताने ताठ होत होती. म्हणून डबल कफ मागणाऱ्याला मी सरळ विचारते, घरी इस्त्री कोण करतं? प्रश्न खोचक नाही, मापाइतकाच कामाचा आहे.

डबल कफ म्हणजे दुमडून, चार पदर एकत्र घेऊन कफलिंकने बांधायचा कफ. कोटाबाहेर अर्धा इंच डोकावला की त्याच्याइतकं देखणं काही नाही. पण तो रोज नीट दुमडून इस्त्री झाला पाहिजे, आणि बिनकोटाच्या माणसाला तो टेबलावर सारखा अडतो. लग्नाच्या एका शर्टाला घ्या. ऑफिसच्या शर्टाला साधा कफ घ्या, पण दोन बटणं शेजारी शेजारी लावून घ्या, म्हणजे पावसाळ्यात सैल आणि कोटाखाली घट्ट असा दोन्ही प्रकारे लावता येतो. कोपरा सरळ ठेवला तर तो आधी झिजतो. गोल किंवा तिरका कापलेला जास्त टिकतो. बाह्या दुमडून फिरणारा माणूस असेल, आणि आपल्याकडे बहुतेक सगळेच असतात, तर कफात कडक फ्यूजिंग घालूच नका, दोन घड्यांत ते मोडतं. आणि घड्याळ! डावा कफ उजव्यापेक्षा अर्धा इंच मोठा हवा, जाड घड्याळ असेल तर त्याहूनही थोडा जास्त. तयार शर्टात हे कधीच मिळत नाही. तरीही लोक माप द्यायला घड्याळ काढून येतात.

कफ ही शोभेची गोष्ट समजणाऱ्यांना मी एका गिऱ्हाइकाचं सांगते. निवृत्त मास्तर, पार्किन्सनने हात थरथरतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आयुष्यभर घातलेला, अर्ध्या बाह्या त्यांना आवडत नाहीत, आणि मनगटाचं बटण लावायला सुनेला हाक मारावी लागते याचं त्यांना फार लागत होतं. त्यांच्या कफाचं बटण मी इलॅस्टिकच्या दोऱ्याने, थोडी मान सोडून लावलं. बटण कायमचं लावलेलं, हात आत घातला की कफ ताणतो आणि मनगटावर परत बसतो. गळ्याला वरून नेहमीचं बटण दिसतं, त्याच्या खाली टिचबटण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. 'रेग्युलर' म्हणून ते गेले असते तर माझ्याही डोक्यात आलं नसतं.

वकील मंडळी हे दुसरं उदाहरण. बार काउन्सिलच्या नियमांत त्यांच्या पोशाखाची पांढरी कॉलर कडक किंवा मऊ, दोन्ही चालेल असं म्हटलं आहे. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांखेरीज काळ्या कोटाचीही सक्ती नाही. तरी नवे वकील पुठ्ठ्यासारखी कडक कॉलर मागतात. तुम्हाला दिवसभर उभं राहून बोलायचं आहे, मान वळवायची आहे, पानाखालून बँडची पट्टी जायची आहे. मऊ अस्तर घ्या, पानाखाली पट्टी सहज सरकेल इतकी जागा ठेवा, आणि गळा बोलतानाच मोजू द्या. गप्प उभ्या माणसाचा गळा आणि बोलणाऱ्याचा गळा एक नसतो.

कॉलर झिजते ती घडीवर, दाढीच्या खुंटांनी घासून. बाकीचा शर्ट तेव्हा धडधाकट असतो. पूर्वी घरोघरी कॉलर उलटवून घेत. पट्टी आणि पान यांमधली शिवण उसवायची, पान फिरवायचं, विरलेली बाजू आत आणि कोरी बाजू वर करून पुन्हा शिवायचं. शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालायचा. आता लोकांना ते आठवत नाही आणि आठवलं तरी ऑर्डर देताना चुकलेलं असतं. खालच्या पानात प्लॅस्टिकच्या कडक पट्ट्या सरकवायची खोबणी असेल तर उलटवल्यावर तिचं तोंड वर येतं. फ्यूजिंग फक्त वरच्या पानाला असेल तर उलटवलेली कॉलर मरगळते. शर्ट उलटवण्याजोगा हवा असेल तर तो शिवतानाच सांगावा लागतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पाव मीटर कापड जास्त घ्या. आहेरात आलेला शर्टपीस मोजून मापून कापलेला असतो, त्यात काही उरत नाही. पण ठाणातून घेत असाल तर त्या पाव मीटरमध्ये जादा कॉलर आणि कफांची एक जोडी निघते. ती कापून, शिवून मी पिशवीत घालून देते, आणि कॉलर विरली की गिऱ्हाईक ती घेऊन येतं. या जादा कॉलरचे पैसे मी घेते आणि ते घेताना मला संकोच वाटत नाही. कारागिराचा वेळ सगळ्यात जास्त जातो तो तिथेच, आणि शिलाईची घासाघीस करणारं गिऱ्हाईक कापडाच्या मीटरला मात्र मागतील तो भाव मोजतं.

दिवाळीनंतर लग्नसराईचं काम अंगावर येतं, तेव्हा कुणाशी नीट बोलायला उसंत मिळत नाही. त्याआधी या. रोजचं घड्याळ घालून या. घरातला सगळ्यात आवडता शर्ट, धुऊन इस्त्री केलेला, सोबत आणा, त्याच्या पट्टीवरून मला अर्धं कळतं. चार शर्टांचं कापड घेतलं असेल तरी आधी एकच शिवू. तो दोन-तीनदा धुवा, दिवसभर घाला, आणि गळ्याला, मनगटाला काय खुपलं ते सांगायला परत या. मग बाकीच्या तिन्हींवर कैची लावू.